उन्हाळ्यात बांधकामाची साइट कशी चालवावी : विदर्भातील नव्या सुपरवायझरांसाठी

मार्च ते जून या काळात नागपूर, वर्धा, चंद्रपूर किंवा अकोला जिल्ह्यात सुपरवायझर, मुकादम किंवा लहान ठेकेदार म्हणून तुम्ही पहिल्यांदाच साइटवर उभे राहणार असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. या भागात कामाची वेळ, मजुरी आणि पाणी यांची घडी उन्हाळ्यापुरती वेगळी बसवावी लागते, आणि ती कशी बसवायची हे बहुतेकांना पुण्या-मुंबईकडच्या कामावरून इकडे आल्यानंतर ऐन मे महिन्यात कळते. जुने मिस्त्री सांगतात की नवतपा सांभाळा, म्हणजे मेच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यानंतरचे नऊ दिवस जपा. हा सल्ला आजही खरा आहे, पण आता तेवढ्याने भागत नाही. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार २०२२ चा मार्च हा १९०१ पासूनचा देशातील सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि २०२४ हे त्याच नोंदींतील सर्वांत उष्ण वर्ष ठरले. त्यामुळे तयारी फेब्रुवारीतच व्हावी लागते.

बहुतेक साइटवर उन्हाची तयारी म्हणजे चार माठ, डझनभर टोप्या आणि ओआरएसची पाकिटे एवढीच असते. या वस्तू हव्यातच. परंतु मजूर उन्हात थांबतो की काम रेटत राहतो, हे माठावर ठरत नाही, हजेरीच्या पुस्तकावर ठरते. ज्या विश्रांतीचे पैसे धरलेले नाहीत ती विश्रांती कोणी घेत नाही. पुढील सर्व पायऱ्या या एका गोष्टीभोवती रचल्या आहेत.

१. दर ठरवतानाच उन्हाचा हिशेब धरा

उन्हाळ्यातील सर्वांत धोक्याची पद्धत म्हणजे उक्ते काम. विटांचे बांधकाम, प्लास्टर, खोदाई किंवा सळई बांधणी घनमीटर, चौरस फूट वा किलोच्या दराने दिली की प्रत्येक थांबा मजुराच्या खिशातून जातो. त्यातही मुकादमाकडून उचल घेतलेली असेल, तर ती फेडण्यासाठी माणूस चक्कर येत असतानाही घमेले खाली ठेवत नाही. म्हणून एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत उघड्यावरील जड कामे शक्यतो रोजंदारीवर द्या. उक्तेच द्यायचे असेल, तर दिवसाकाठी किती काम होईल याचा अंदाज हिवाळ्यातील कामावरून काढू नका. थांब्यांचा वेळ गृहीत धरून दर वाढवा आणि तसे मुकादमाला सगळ्या मजुरांसमोर सांगा, कारण वाढवलेला दर त्याच्यापाशीच अडकण्याची शक्यता असते.

मालक किंवा विकासक विचारेल की हा वाढीव खर्च कशासाठी. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०१९ मधील अहवालाने २०३० पर्यंत उष्णतेमुळे भारतातील कामाचे ५.८ टक्के तास वाया जातील असा अंदाज मांडला होता, हे त्याला सांगता येईल. मात्र माझ्या अनुभवात त्याला काँक्रीटची भाषा लवकर पटते. भारतीय मानक ७८६१ च्या पहिल्या भागानुसार ४० अंश सेल्सिअसच्या वरच्या हवेत केलेले काँक्रीटचे काम हे उष्ण हवामानातील काम मानले जाते आणि ओतताना काँक्रीटचे तापमान ४० अंशांच्या वर जाऊ नये अशी अपेक्षा आहे. भर दुपारी ओतलेला स्लॅब भराभर पाणी सोडतो आणि त्याला तडे जातात. ज्या वेळेत माणसाला काम झेपत नाही त्या वेळेत काँक्रीटही नीट होत नाही, आणि हा युक्तिवाद सहसा कोणी खोडून काढत नाही. करारात मुदतवाढीचे कलम असेल तर हवामान विभागाच्या लाल इशाऱ्याचे दिवस त्यात मोजले जातील, असे वाक्य काम सुरू होण्यापूर्वी लिहून घ्या.

२. तापमानाचा आकडा नीट वाचायला शिका

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी अधिक असेल, तर हवामान विभाग उष्णतेची लाट मानतो. त्याहून अधिक फरक असल्यास ती तीव्र लाट. प्रत्यक्ष तापमान ४५ अंशांवर गेले तर सरासरी न पाहताही लाट, आणि ४७ वर तीव्र लाट. येथे नवख्या माणसाची एक फसगत होते. विदर्भात मे महिन्याची सरासरीच इतकी चढी असते की ४३ अंशांचा दिवस कागदोपत्री लाट ठरत नाही आणि इशाराही येत नाही, परंतु स्लॅबवर सळई बांधणाऱ्याच्या शरीराला सरासरी कळत नाही. म्हणून इशारा नाही म्हणजे नेहमीचे वेळापत्रक चालेल, असा अर्थ काढू नका.

दुसरी गोष्ट अशी की जाहीर होणारा आकडा हा जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, पांढऱ्या जाळीदार पेटीतील सावलीत मोजलेला असतो. तुमचा गवंडी थेट उन्हात, तापलेल्या सेंट्रिंगच्या पत्र्यावर उभा असतो.

तिसरी गोष्ट दमटपणाची. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईतील खारघर येथे महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यात भर उन्हात तासन्‌तास बसलेल्या गर्दीतील १४ जणांचा मृत्यू झाला, तेव्हा जवळच्या केंद्रावरील तापमान सुमारे ३८ अंशच होते. शरीर थंड होते ते घाम वाळल्याने. हवा दमट असेल तर घाम नुसता वाहतो, वाळत नाही. म्हणून साइटवर ओला-कोरडा असा जोडतापमापक टांगा, म्हणजे दोन नळ्यांचा तापमापक, ज्यातील एका नळीचे टोक ओल्या कापडात असते. ओल्या नळीचा आकडा कोरड्या आकड्याच्या जितका जवळ येईल तितके विश्रांतीचे थांबे वाढवा.

अंदाजासाठी नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राचे रोजचे पत्रक आणि हवामान विभागाचे ‘मौसम’ हे अॅप पुरेसे आहे. पिवळा, नारिंगी आणि लाल हे रंग आदल्या संध्याकाळी पाहा आणि दुसऱ्या दिवशीची कामे त्यानुसार लावा. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या आकड्यांवर जाऊ नका. मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातील एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि गावभर घबराट उडाली. तो संवेदकातील बिघाड असल्याचे पुढे हवामान विभागाने स्पष्ट केले. असे आकडे दोनदा खोटे ठरले की तिसऱ्या वेळी मजूर खऱ्या इशाऱ्यालाही हसतात.

३. कामाची वेळ पहाटेकडे सरकवा

दुपारी १२ ते ४ सुट्टी द्यायची आणि चारला पुन्हा कामाला लागायचे, ही सर्वांत प्रचलित आणि अर्धवट पद्धत आहे. हवेचे तापमान दिवसातील उच्चांक साधारणपणे अडीच ते चारच्या दरम्यान गाठते, आणि चार वाजता भिंती, वाळू, सळया यांनी साठवलेली उष्णता बाहेर पडत असते. याउलट पहाटे साडेपाच ते सकाळी नऊ हा दिवसातील सर्वांत सोसवणारा काळ असतो आणि मे महिन्यात नागपूरला साडेपाचच्या सुमारास उजाडलेले असते. म्हणून जड काम साडेपाच ते साडेदहा या वेळेत आटोपा, आणि संध्याकाळची पाळी ठेवायचीच असेल तर ती पाचनंतर दोन तासांची, हलक्या कामाची ठेवा.

हे वेळापत्रक कागदावर सोपे आहे. अडचणी पुढे येतात. पहिली अडचण आवाजाची. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ हा रात्रीचा काळ आहे, त्यामुळे वस्तीत साडेपाचला मिक्सर किंवा व्हायब्रेटर सुरू केला तर पोलिसांत तक्रार जाणारच. पहिला अर्धा तास सामान वर चढवणे, लेव्हल घेणे, सळई लावणे अशा कमी आवाजाच्या कामांना द्या. दुसरी अडचण जेवणाची. पहाटे येणारी माणसे उपाशीपोटी येतात, कारण बायकांना तीनला उठून चूल पेटवावी लागते. आठ वाजता नाश्त्याची पगारी सुट्टी ठेवा आणि शक्य असल्यास नाश्ता साइटवरच द्या; पोह्यांचा खर्च एका गवंड्याच्या वाया गेलेल्या सकाळपेक्षा कमी असतो. तिसरी अडचण अंतराची. दहा-पंधरा किलोमीटरवरून सायकलने येणारा मजूर दुपारी घरी जाऊन परत येऊ शकत नाही, आणि मग तुमची दुपारची सुट्टी तो पानठेल्यावर उन्हातच काढतो. अशा मजुरांसाठी एकच सलग पाळी लावा आणि ती साडेअकराला संपवून पूर्ण हजेरी द्या.

स्लॅबचे काम मोठे असेल तर संध्याकाळी सुरू करून रात्री दहाच्या आत संपेल इतकेच क्षेत्र घ्या. काँक्रीटच्या भारतीय मानक ४५६ (आयएस ४५६) नुसार कोरड्या उष्ण हवेत किमान दहा दिवस, आणि राख किंवा स्लॅग मिसळलेले सिमेंट असेल तर चौदा दिवस, क्युरिंग करावे लागते, म्हणजे काँक्रीट सतत ओले ठेवावे लागते. क्युरिंगचे काम दुपारी एकट्या पोऱ्यावर सोपवण्याची प्रथा आहे, ती मोडा. तो वरच्या मजल्यावर एकटा असतो आणि त्याला काही झाले तर कोणालाच कळत नाही.

४. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी पूर्ण काम देऊ नका

ही पायरी सर्वाधिक दुर्लक्षित आहे. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात आणि आठवडाभर खंड पडला की ती सवय सुटू लागते. अमेरिकेतील कामगार-सुरक्षा यंत्रणेच्या निरीक्षणानुसार उघड्यावरील कामात उष्णतेने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक मृत्यू कामाच्या पहिल्या काही दिवसांतच होतात. तेथील शिफारस अशी आहे की नवीन माणसाला पहिल्या दिवशी उन्हातील कामाचा २० टक्केच भाग द्यावा आणि नंतर रोज २० टक्क्यांनी वाढवावा; अनुभवी माणूस सुट्टीवरून परतला असेल तर पहिल्या दिवशी ५०, दुसऱ्या दिवशी ६०, तिसऱ्या दिवशी ८० आणि चौथ्या दिवशी पूर्ण.

आपल्याकडे ही शिफारस लागू पडणारी माणसे ओळखायला सोपी आहेत. होळीला किंवा लग्नसराईत गावी जाऊन परत आलेले, बालाघाट किंवा छत्तीसगडहून रात्रभर प्रवास करून आलेले, तापातून उठलेले, आणि कॉलेजच्या वातानुकूलित वर्गातून थेट स्लॅबवर आलेला तुमचा कनिष्ठ अभियंता, हे सगळे त्यात येतात. सात तासांच्या पाळीत नव्या माणसाने पहिल्या दिवशी दीड तास उन्हात काम करावे आणि उरलेला वेळ सावलीत तार कापणे, टाइल्स भिजवणे, सामान मोजणे अशा कामांत घालवावा. त्याची हजेरी मात्र पूर्ण लावा. अर्धी हजेरी लावलीत, तर तो दुसऱ्या दिवशी आपण जुनेच आहोत असे सांगेल, आणि मुकादमही त्याला दुजोरा देईल.

रक्तदाब, हृदयविकार किंवा मानसिक आजारावरची काही औषधे चालू असलेल्यांना ऊन लवकर बाधते. अशांची यादी खासगी ठेवा, औषध स्वतःहून बंद करायला सांगू नका, आणि गरोदर महिलांना मार्चपासूनच सावलीतील काम द्या.

५. पाण्याचा हिशेब लिटरमध्ये करा

जड कामात दर पंधरा ते वीस मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर पाणी लागते. तीस माणसे आणि सात तास असा गुणाकार केला तर दोनशे लिटरच्या आसपास पिण्याचे पाणी, म्हणजे वीस लिटरचे दहा-अकरा जार होतात. बहुतेक साइटवर तीन किंवा चार येतात. पाणी कामाच्या जागेपासून दोन मिनिटांच्या आत असावे. चौथ्या मजल्यावरचा माणूस पाण्यासाठी खाली उतरत नाही, म्हणून प्रत्येक मजल्यावर माठ ठेवा आणि तो भरण्यासाठी एका माणसाला वेगळी हजेरी द्या. तासाला दीड लिटरपेक्षा जास्त पाणी मात्र कोणी पिऊ नये, कारण रक्तातील मीठ पातळ होऊन वेगळाच धोका उद्भवतो.

ओआरएसचे एक पाकीट एक लिटर पाण्यातच विरघळवायचे असते. पेल्यात अर्धे पाकीट टाकणे किंवा ड्रममध्ये अंदाजाने ओतणे, दोन्ही चूक. पाकिटे संपली तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण भिंतीवर लिहून ठेवा. मीठ घातलेले ताक, आंबील आणि कैरीचे पन्हे उत्तमच. तोंडात खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) भरलेला माणूस तास-दोन तास पाणी पीत नाही. खर्रा सोडवणे तुमच्या हातात नाही, पण पाण्याच्या थांब्याला तो थुंकायला लावणे आहे.

शौचालय नसेल तर वरचा सगळा हिशेब महिलांपुरता व्यर्थ ठरतो. रेजा म्हणून काम करणाऱ्या अनेक स्त्रिया लघवीला जागा नाही म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि हे त्या तुम्हाला कधीही सांगणार नाहीत. कडी लागणारे, पाणी असलेले स्वतंत्र शौचालय ही उन्हाच्या तयारीतील पहिली खरेदी असावी.

६. पत्र्याच्या शेडला सावली समजू नका

उघडा पत्रा वरून तापतो आणि खाली बसलेल्यांवर उष्णता फेकतो. विश्रांतीच्या जागेवर हिरवी शेडनेट दोन थरांत, मध्ये हातभर अंतर ठेवून बांधा, किंवा पत्र्यावर तुराट्या व पऱ्हाट्यांचा जाड थर टाकून वरून चुना मारा. चारही बाजू उघड्या ठेवा. वाळ्याची ताटी आणि कूलर एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत छान काम करतात. हवा ४० अंशांच्या वर असताना नुसता पंखा गरम वाराच अंगावर टाकतो, तेव्हा अंग ओले करूनच त्याच्यापुढे बसावे.

मजूर राहतात त्या खोल्याही पाहून या. दिवसभर तापलेल्या पत्र्याच्या खोलीत रात्री दोनपर्यंत झोप लागत नसेल, तर पहाटे साडेपाचची पाळी त्या माणसाला तुमच्या अपेक्षेपेक्षा फार महाग पडते.

७. कपडे

सैल, फिक्या रंगाचा, पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि ओला दुपट्टा पुरे. हेल्मेट काढू देऊ नका. दुपट्टा मानेवर घ्यावा, हेल्मेटखाली जाड गुंडाळी करू नये, कारण त्याने हेल्मेट डोक्यावर नीट बसत नाही. सळईला दहानंतर उघडा हात लावू नये.

८. ऊन लागले तर आधी थंड करा, मग न्या

माणसे जोड्यांनी कामाला लावा, कारण ऊन लागलेल्याला स्वतःला ते कळत नाही. पेटके, डोके दुखणे, मळमळ, चक्कर ही सुरुवात असते. अशा वेळी सावली, पाणी आणि त्या दिवसापुरती कामातून सुट्टी द्यावी. परंतु माणूस असंबद्ध बोलू लागला, विनाकारण भांडू लागला, पावले अडखळू लागली किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात समजा. घाम थांबला नाही म्हणजे उष्माघात नाही, हा समज चुकीचा आहे. अंगमेहनत करणारा माणूस घामाने निथळत असतानाही त्याला उष्माघात होऊ शकतो.

१०८ ला फोन एकाने करावा आणि त्याच क्षणी बाकीच्यांनी थंड करणे सुरू करावे. जाडे कपडे, बूट, पट्टा काढा. प्रत्येक साइटवर क्युरिंगचा हौद किंवा ड्रम असतो. पाणी उन्हाने तापलेले नसेल तर डोके धरून गळ्यापर्यंत त्यात बसवा, नाहीतर अंगावर सतत पाणी ओतून वारा घाला आणि मान, काखा व जांघांत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. कांदा हुंगवणे, पॅरासिटामॉल देणे, “थोडा वेळ निजू दे” म्हणणे आणि मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून घरी पाठवणे, या चारही गोष्टी मनाई म्हणून लिहून लावा. जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात उष्माघात कक्ष आहे हे मार्चमध्येच विचारून ठेवा. रुग्णालयात पोहोचल्यावर डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हा माणूस उन्हात काम करत होता, किती वेळ आणि कोणते काम. हे सांगितले नाही तर कागदावर केवळ हृदयक्रिया बंद पडल्याची नोंद होऊ शकते आणि कुटुंबाचा भरपाईचा दावा तेथेच कमकुवत होतो.

९. साइटवर हवीत अशी कागदपत्रे आणि सामान

- हजेरी पुस्तक. त्यात कामाचा पहिला दिवस आणि सुट्टीवरून परतल्याचा दिवस यांचे वेगळे रकाने.
- प्रत्येक मजुराच्या आधारची प्रत, घरच्या माणसाचा फोन क्रमांक आणि खासगी आरोग्य-नोंद.
- महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे नोंदणीपत्र. नोंदणीसाठी वय १८ ते ६० आणि मागील बारा महिन्यांत ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देण्यास ठेकेदार टाळाटाळ करतात. तुम्ही करू नका.
- तापमान, इशाऱ्याचा रंग, बदललेली वेळ आणि घडलेल्या घटना यांची रोजची वही. मुदतवाढ मागताना हीच वही उपयोगी पडते.
- जोडतापमापक, शरीराचे तापमान मोजण्याचा तापमापक, ओआरएस, बर्फाची पेटी, दोन मोठ्या चादरी, बादल्या.

१०. पहिल्या पावसाने वेळापत्रक बदलू नका

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन सरी पडल्या की तापमान ४५ वरून ३८ वर येते, मालकाचा फोन येतो आणि सगळे पुन्हा आठच्या पाळीवर जातात. हे दिवस फसवे असतात. हवा दमट झालेली असते, कूलर निरुपयोगी ठरतो, घाम वाळत नाही आणि पेरणीसाठी गावी गेलेल्यांच्या जागी नवीन माणसे आलेली असतात. पाऊस सलग लागून ओल्या नळीचा आकडा सकाळ-दुपार खाली राहू लागेपर्यंत पहाटेची पाळी, पाण्याचे जार आणि नव्या माणसांचा चढता क्रम तसाच चालू ठेवा.